जुना प्लेस्टेशन घेताय? आधी हे तपासा

बजेट तुटपुंजं असेल तर सेकंडहँड प्लेस्टेशन ४ घ्या. त्याच्या डिस्क कुठल्याही देशातल्या असल्या तरी चालतात आणि खेळून झाल्या की विकता येतात. प्लेस्टेशन ३ आणखी स्वस्त पडतो, पण ते २००६ चं मशीन. दुरुस्तीवाला आधी शोधा. एक्सबॉक्स ३६० च्या वाटेला जाऊ नका. त्याचं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्येच बंद झालं.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड गाठा, पण रविवारी नको. बहुतेक शटर खाली असतात. दुकानात चार पैसे जास्त जातात, पण वॉरंटी मागता येते. ती बिलावर लिहून घ्या, तोंडी शब्दाला अर्थ नाही. घरगुती विक्रेता असेल तर मूळ बिल मागा आणि खोक्यावरचा सीरियल नंबर मशीनवरच्या नंबरशी जुळवा. बिल हरवलंय? मग साध्या कागदावर सीरियल नंबर, रक्कम, तारीख, सही आणि सोबत ओळखपत्राची प्रत. आढेवेढे घेतले तर उठून या.

‘आत चाळीस गेम भरलेत’ हे नेहमीचं आमिष. डाउनलोड केलेले गेम मशीनचे नसतात, विक्रेत्याच्या अकाउंटचे असतात. त्याने ते अकाउंट दुसऱ्या मशीनवर ‘प्रायमरी’ केलं की तुमच्याकडे कुलुपं. या गेमचे जादा पैसे शून्य. तुमच्यासमोर त्याला अकाउंट काढायला लावा आणि मशीन कोरं करून घ्या. ‘जेलब्रेक’ केलेलं मशीन तर नकोच. ऑनलाइन गेलात की बंदीची टांगती तलवार.

स्वतःची एक डिस्क सोबत न्या. वीस मिनिटं खेळा. पंखा घरघरतो का, एचडीएमआयची पिन हलवली की चित्र जातं का, कंट्रोलरची काडी न हलवता पात्र आपोआप सरकतं का, ते बघा. डिस्क घ्यायला कुरकुर करणारं मशीन टाळा: प्लेस्टेशन ४ मध्ये डिस्क ड्राइव्हचा सर्किट बोर्ड मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या मशीनचा अख्खा ड्राइव्ह बसवून भागत नाही. हार्ड डिस्कचं मात्र टेन्शन नको, लॅपटॉपची अडीच इंची साटा चालते.

आता छुपे खर्च. दुसरा कंट्रोलर (स्वस्तातला ‘ओरिजिनल’ बहुधा नकली). ऑनलाइन मित्रांशी खेळायचं तर बहुतेक गेमना प्लेस्टेशन प्लसची वर्गणी. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही. प्लेस्टेशन २ घेत असाल तर नव्या टीव्हीसाठी एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर. परदेशातून आलेल्या कुठल्याही मशीनवरचं लेबल वाचा: १००-२४० व्होल्ट हवं. नुसतं १२० लिहिलेलं मशीन आपल्या सॉकेटमध्ये थेट लावलं तर जळेल.

‘मी फौजेत आहे, बदली झाली, आधी कुरिअरचे पैसे पाठवा’ असा मेसेज आला तर तिथेच थांबा. मशीन हातात येईपर्यंत एक रुपयाही नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.