उन्हाची वीज आणि व्यापाऱ्याचा हिशेब

वर्षाचा गहू कणगीत किंवा डब्यात भरण्यापूर्वी तो गच्चीवर पसरून कडक उन्हात तापविण्याची रीत सुरतेत आणि खानदेशात सारखीच आहे. ऊन हे फुकटचे इंधन आहे, ही गोष्ट त्यामुळे आपल्या घरांतील बायकांस आपल्याआधीच ठाऊक होती, असे म्हणावे लागेल. अलीकडे मात्र त्याच गच्च्यांवर निळसर-काळी पॅनेले दिसू लागली आहेत आणि "आपणही बसवावी काय?" हा प्रश्न पेढीपेढीवर विचारला जात आहे. धान्याच्या धंद्यातील माणसाच्या दृष्टीने आम्ही त्याचा येथे थोडा विचार करणार आहोत.

सूर्यापासून काम घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला उष्णतेचा. १८७८ साली मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. आरशांनी ऊन एकवटून वाफ करावी व त्या वाफेवर पाण्याचा पंप चालवावा, असा प्रयोगही त्याने करून पाहिला होता. शिर्डीच्या साईबाबा संस्थानात २००९ पासून ७३ अंतर्वक्र तबकड्यांनी वाफ निर्माण करून प्रसादालयातील अन्न शिजविण्याची योजना झाली, ती याच मार्गाची. रंगाई-छपाईच्या कारखान्यांस हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. धान्याच्या पेढीला त्याचा फारसा उपयोग नाही.

दुसरा मार्ग प्रकाशापासून सरळ वीज घेण्याचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सिलिकॉनचा जो घट दाखविला, तो पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज करी. आजची चांगली पॅनेले २० टक्क्यांहून अधिक करतात. पॅनेलमधून निघणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते. इन्व्हर्टर तिला आपल्या पंख्यांच्या व मोटारींच्या उपयोगाची करून देतो. आपल्या धान्याचे ट्रक धुळ्याहून ज्या रस्त्याने येतात, त्याच भागात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचे १२५ मेगावॅटचे सौर केंद्र २०१३ पासून आहे.

आता हिशेबाकडे वळू. १ किलोवॅटच्या पॅनेलांस सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि आपल्या भागात वर्षाची सरासरी धरता दररोज सुमारे ४ युनिटे मिळतात. आषाढ-श्रावणात त्याहून बरीच कमी, चैत्रात अधिक. विक्रेता चैत्राचा आकडा सांगतो. आपण वर्षाचा विचारावा.

व्यापाऱ्याने ध्यानी धरावयाची मुख्य गोष्ट अशी, की ही वीज भाजीपाल्याहूनही नाशवंत आहे. गहू सहा महिने वखारीत थांबतो. ही वीज क्षणभरही थांबत नाही. तिची मोठी आवक सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत. आपली चाळणीयंत्रे, पोती शिवण्याची यंत्रे, काटे, पंखे हे सर्व त्याच वेळी चालते. म्हणजे माल निघताच गिऱ्हाईक दारात उभे आहे! घराचे तसे नसते. तेथे दिवे आणि वातानुकूलन यंत्रे रात्री लागतात. म्हणून दिवसाची जादा वीज वीज कंपनीच्या तारांत जमा करावी व रात्री उचलावी, अशी जमा-नावे लिहिणारा मीटर बसवितात. घरगुती व व्यापारी ग्राहकांचे याबाबतचे नियम निराळे आहेत, तरी करारपत्र वाचल्याविना सही करू नये. बॅटरीत साठवण करता येते. अलथाणच्या बसस्थानकावर १०० किलोवॅटच्या छतासोबत वापरलेल्या बॅटऱ्यांची २२४ युनिटांची साठवण केली आहे. परंतु साठवणीचा खर्च जड असल्याने पेढीने सध्या तिच्या नादी न लागणे बरे.

यावरून आमचे मत असे, की गाळ्यावर किती किलोवॅट बसवावे हे बिलातील एकूण आकड्यावरून न ठरविता दिवसाच्या खपावरून ठरवावे, आणि सुटीचे दिवसही त्यातून वजा धरावेत.

सरकारी अनुदान मात्र घरासच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ३०,००० व तिसऱ्यास १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये ठरविले गेले. सुरतेत आपल्यापैकी बहुतेकांची वस्ती सदनिकांत. गच्ची एकाची नसते. अशा सोसायटीच्या लिफ्ट, पाण्याचा पंप व जिन्यातील दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांची तरतूद त्याच योजनेत आहे. गच्चीवरून शेजाऱ्याशी वितुष्ट येण्यापेक्षा सर्वांनी मिळून हा मार्ग धरावा. ठराव मात्र सभेच्या वहीत लिहून घ्यावा.

भांडवलाविषयीही एक शब्द. गव्हाच्या हंगामात लावलेला रुपया वर्षातून अनेकदा फिरतो; पॅनेलात घातलेला पंचवीस वर्षे हळूहळू परत येत राहतो. हंगामाची रोकड त्यात अडकविणाऱ्यास ऐन खरेदीच्या वेळी व्याजाने पैसा आणावा लागेल. याकरिता निराळे, लांब मुदतीचे कर्ज काढणे हितावह. सुमारे दहा वर्षांनी इन्व्हर्टर बदलण्याची रक्कमही आरंभीच बाजूस धरावी.

वखारीच्या पत्र्यांची गोष्ट तर याहून महत्त्वाची. पत्र्यास पाडलेले प्रत्येक भोक पावसाळ्यात धान्याच्या थप्पीवर उघडते. दहा पोती तूर भिजली, तर कित्येक महिन्यांची वाचलेली वीज त्यात जाते! अभियंत्याकडून छपराची ताकद तपासावी, सांधे पावसापूर्वी पाणी सोडून पाहावेत. पॅनेलांचे तोंड दक्षिणेस असावे. जुन्या वस्तीत शेजारचा मजला वाढण्याचा संभव असल्यास तिकडची बाजू सोडावी, कारण एका पॅनेलवरील सावली ओळीतील इतरांचेही उत्पन्न घटविते.

धूळ पहाटे, काच थंड असता धुवावी; भर दुपारी तापलेल्या काचेवर पाणी ओतू नये. उत्तरायणाच्या दिवसांत तर अधिक जपावे. अडकलेला पतंग काढण्यासाठी पॅनेलवर पाय न देण्याची ताकीद मुलांस व पाहुण्यांस आधीच द्यावी. काच शाबूत दिसली तरी आतील घटास बारीक चीर पडते आणि ती पुढे केवळ कमी झालेल्या युनिटांवरूनच कळते.