जॉबसेंटरमधलं बोलणं रेकॉर्ड करताना

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्या बेरोजगार माणसाची जॉबसेंटरमधली नेहमीची भेट साधारण दहा मिनिटांत उरकते. समोर वर्क कोच, म्हणजे तुमचं प्रकरण पाहणारा कर्मचारी, असतो; त्याच्या संगणकावर तुमची फाइल उघडलेली असते. गेल्या आठवड्यात कुठेकुठे अर्ज केले, कुणाचं उत्तर आलं, पुढे काय करणार, एवढं विचारून होईस्तोवर पुढच्या माणसाची वेळ झालेली असते. या बोलण्याची नोंद होते, पण ती एकटा कोच करतो आणि स्वतःच्या शब्दांत करतो. तुम्ही अर्जांची यादी फोनवर दाखवली, त्याने ती वरवर पाहिली आणि फाइलमध्ये ‘काम शोधल्याचा पुरावा दाखवला नाही’ अशी ओळ पडली, तर तुमच्या हाती काय उरतं? कोच खोटं लिहितात असं मला मुळीच म्हणायचं नाही. दिवसभर एकामागून एक माणसं भेटणाऱ्या कुणाच्याही लिहिण्यात गाळागाळ होणारच. मात्र तिची किंमत लिहिणारा भरत नाही, क्लेमंट, म्हणजे भत्ता मागणारा, भरतो. म्हणून माझं मत असं की आपल्या भेटीचं रेकॉर्डिंग करावं, समोरच्याला सांगून करावं आणि कुणी ते करू दिलं नाही तर भेट न मोडता आपली नोंद दुसऱ्या वाटेने ठेवावी.

हा आग्रह कशासाठी, ते सँक्शन, म्हणजे शिक्षा म्हणून भत्त्यात होणारी कपात, कसं लागतं हे पाहिलं की कळतं. भत्ता कापण्याचा निर्णय सहसा तो कोच घेत नाही. तो प्रकरण पुढे पाठवतो आणि काम आणि पेन्शन खात्यातला दुसरा अधिकारी, ज्याला डिसिजन मेकर म्हणतात, फाइल वाचून ठरवतो. तो त्या टेबलापाशी नव्हता. तुमचा आवाज, तुमची अडचण, इंग्रजीत अडखळत दिलेलं तुमचं उत्तर, यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही; पोचते ती फाइलमधली ओळ. पंचवीस किंवा त्याहून अधिक वयाच्या एकट्या माणसाचा मूळ भत्ता 2025-26 मध्ये महिन्याला 400 पौंडांच्या आसपास होता, आणि सँक्शनच्या दिवसांपुरता तो बहुतेकांचा सगळाच्या सगळा जातो. काम शोधण्याची अट असलेल्यांना कमी तीव्रतेच्या प्रकारातही राहिलेली अट पूर्ण होईपर्यंतचे दिवस आणि वर आणखी 7 दिवस मोजावे लागतात; पुन्हा घडलं तर 14, मग 28. सर्वांत कडक प्रकारात पहिल्या वेळी 91 दिवस, त्यानंतर 182. आधी ही मुदत तीन वर्षांपर्यंत जाऊ शकत असे, ती तरतूद 2019 मध्ये रद्द झाली. इतकं काही एका ओळीवर ठरत असेल, तर त्या ओळीची पडताळणी करायला दुसरी नोंद असायलाच हवी.

रेकॉर्डिंगची ही मागणी काही आंदोलकांच्या डोक्यातून निघालेली नाही. आजारी आणि अपंग क्लेमंटांच्या काम करण्याच्या क्षमतेची तपासणी होते, तिचा पहिला स्वतंत्र आढावा प्राध्यापक माल्कम हॅरिंग्टन यांनी 2010 मध्ये सादर केला, तेव्हाच त्यांनी तपासण्यांचं ध्वनिमुद्रण प्रायोगिक पातळीवर करून पाहावं असं सुचवलं होतं. पिप या अपंगत्वाच्या भत्त्यासाठी तर बरीच वर्षं असा नियम होता की रेकॉर्डिंग हवं असेल तर क्लेमंटने स्वतःचं यंत्र आणावं आणि त्यातून एकसारख्या दोन प्रती, सीडीवर किंवा कॅसेटवर, तिथल्या तिथे काढून एक प्रत तपासणाऱ्याला द्यावी. मोबाइल चालत नसे. भत्त्यावर जगणाऱ्याने असं यंत्र आणायचं कुठून? कागदावर हक्क होता, पण तो वापरता येईल अशी सोय नव्हती. 2018 मध्ये ब्रिटिश संसदेच्या काम आणि पेन्शन समितीने या तपासण्यांचं रेकॉर्डिंग सरसकट व्हावं, ज्याला नको असेल त्याने नाही म्हणावं, अशी शिफारस केली. मार्च 2025 च्या धोरण-प्रस्तावात खुद्द सरकारने विश्वास वाढावा म्हणून तपासण्या रेकॉर्ड करण्याची भूमिका मांडली. डॉक्टरी तपासणीच्या खोलीत जे विश्वास वाढवतं, ते जॉबसेंटरच्या टेबलावर विश्वास मोडेल हे मला पटत नाही.

कायद्याची बाजू साधी आहे, पण तिची कुंपणं नीट पाहून घ्यायला हवीत. आपण स्वतः ज्या संभाषणात आहोत ते स्वतःच्या वापरासाठी रेकॉर्ड करणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा नाही. माहिती-संरक्षणाचा कायदाही निव्वळ वैयक्तिक आणि घरगुती वापराला लागू होत नाही. सल्लागाराला ऐकवणं किंवा अपिलात पुरावा म्हणून देणं हे ज्यासाठी रेकॉर्ड केलं त्याच कामात मोडतं. तीच फाइल यूट्यूबवर टाकली की ही सूट हातची जाते आणि कोच तक्रार करू शकतो. राग आलेला असताना हा मोह फार होतो, तो आवरावा. आणि हे सगळं ब्रिटनपुरतंच. म्युनिक किंवा फ्रँकफुर्टला स्थायिक झालेल्या आपल्या माणसांनी हा सल्ला तसाच उचलू नये. जर्मन दंडसंहितेच्या 201 व्या कलमानुसार चारचौघांत न झालेलं बोलणं परवानगीवाचून रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, त्याला दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तिथल्या सामाजिक कायद्याने दुसरी सोय दिली आहे: क्लेमंटला भेटीला सोबती नेता येतो आणि तो जे बोलेल ते क्लेमंटचंच बोलणं मानलं जातं, क्लेमंटने लगेच हरकत घेतली नाही तर. म्हणून तिथे शब्द जपून वापरणारा सोबती न्यावा. साक्षीला माणूस ब्रिटनमध्येही नेता येतो, आणि इंग्रजी कच्चं असेल तर न्यावाच.

रेकॉर्डिंगवरचा नेहमीचा आक्षेप असा की कर्मचाऱ्यालाही खासगीपणा आहे. घरी, जेवणाच्या सुट्टीत, सहकाऱ्याशी बोलताना तो आहेच. पण सरकारी खुर्चीत बसून नागरिकाच्या पैशांबद्दल तो जे सांगतो, ते त्याचं सार्वजनिक काम आहे. खातंही आपल्या फोनलाइनवरचे कॉल रेकॉर्ड करतंच. शेजारच्या टेबलावरच्या क्लेमंटचा आजार किंवा पत्ता तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये येईल, हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. हॉल उघडा असतो आणि टेबलं जवळजवळ असतात. त्यावर उपाय म्हणजे बाजूच्या खोलीत बसण्याची विनंती करावी, फोन आपल्याच टेबलावर ठेवावा आणि व्हिडिओ कधीच घेऊ नये. तिसरं म्हणणं कोचशी संबंध बिघडतील हे, आणि ते अगदी पोकळ नाही. कोचला थोडी मोकळीक असते, तिचा फायदा चांगल्या संबंधातून मिळतो. म्हणूनच मी लपूनछपून केलेल्या रेकॉर्डिंगच्या बाजूने नाही. सुरुवातीलाच ‘ऐकलेलं माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून माझ्यासाठी रेकॉर्ड करतो आहे’ असं शांतपणे म्हणावं, तेही खरं असेल तरच. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे खरंच लक्षात राहत नसेल, तर 2010 च्या समानता कायद्याखाली ही सोय हक्काने मागता येते. ती जर्नलमध्ये, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन नोंदवहीत, आधीच लेखी मागावी.

धोका इथून पुढे आहे. कोच म्हणाला, ‘फोन बंद केल्याशिवाय मी बोलणार नाही,’ आणि तुम्ही कायदा सांगत उठून गेलात, तर फाइलमध्ये भेटीला हजर नव्हता अशी नोंद होऊ शकते. आणि सँक्शन लागतात ती बहुतांश भेट चुकल्याच्याच कारणावरून. म्हणजे पुरावा ठेवायला गेलात आणि स्वतःविरुद्धचं कारण देऊन आलात. अशा वेळी फोन बंद करावा, भेट पूर्ण करावी, बाहेर पडल्यावर त्याच दिवशी जर्नलमध्ये लिहावं: ‘आज मी रेकॉर्डिंगची विनंती केली, तुम्ही नकार दिला. मी अमुक अर्ज दाखवले. तुम्ही मला अमुक करायला सांगितलं. यात काही चुकलं असेल तर इथेच सांगावं.’ जर्नल खात्याच्याच संगणकात असतं, तारीख-वेळ आपोआप पडते, आणि हा मजकूर आपल्यापर्यंत पोचलाच नाही असं खात्याला म्हणता येत नाही. रेकॉर्डिंग मिळालं असलं तरी ही नोंद करावीच. डिसिजन मेकर अख्खं रेकॉर्डिंग ऐकेल या भरवशावर राहू नये.

सँक्शन लागलंच तर एका महिन्यात फेरविचार मागायचा असतो, आणि तोही विरुद्ध गेला तर पुढच्या एका महिन्यात स्वतंत्र ट्रायब्युनलकडे अपील. दिवाणी दाव्यात जो पुरावा चालणार नाही तोही मान्य करण्याची मुभा त्या ट्रायब्युनलच्या 2008 च्या नियमांत आहे. नुसती ध्वनिफीत पाठवू नका. वादाचं तेवढं बोलणं शब्दशः टाइप करा, बाजूला मिनिट आणि सेकंद लिहा, आणि मूळ फाइल कापाकापी न करता तशीच जपून ठेवा. त्याच वेळी खात्याकडे आपल्याबद्दलची सगळी माहिती लेखी मागा. तिला फी लागत नाही आणि सर्वसाधारणपणे महिनाभरात ती द्यावी लागते, पण फेरविचाराची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून फेरविचाराचा अर्ज आधी टाका, आणि कोचने त्या दिवशी काय लिहिलं होतं ते हाती आलं की टाइप केलेल्या मजकुराशेजारी ठेवून दोन्ही पानं अपिलाला जोडा.