दुधावरील प्रक्रिया आणि कोलेस्टेरॉल

वऱ्हाडातील घरोघरी दूध उकळूनच वापरण्याची रीत आहे व ती योग्यही आहे. परंतु उकळल्याने दुधातील कोलेस्टेरॉल नाहीसे होते, हा समज निराधार होय. हृदयविकाराच्या रुग्णाने त्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

कोलेस्टेरॉल दुधातील स्निग्ध गोलकांत व त्यांच्या आवरणात असते. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअस तापमानास १५ सेकंद ठेवतात. त्यामुळे रोगजंतू मरतात. कोलेस्टेरॉल मात्र जवळजवळ तेवढेच राहते. ते स्निग्धांश वेगळा केल्यासच घटते. गाईच्या १०० ग्रॅम दुधात ते सुमारे १० ते १४ मिलिग्रॅम असते. यंत्राने मलई काढलेल्या दुधात सुमारे २ मिलिग्रॅमच उरते. घरी उकळून थंड केलेल्या दुधावरील साय काढल्यास बराच, पण सर्व स्निग्धांश निघत नाही.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पूर्णाथडी म्हैस स्निग्ध दुधासाठी प्रसिद्ध आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाहून पुष्कळ अधिक असला, तरी दर ग्रॅम स्निग्धांशामागे कोलेस्टेरॉल कमी असते.

मेळघाटातील गवळी दूध आटवून खवा करतात. यात केवळ पाणी उडून जाते. स्निग्धांश व त्याबरोबरचे कोलेस्टेरॉल खव्यात एकवटते. चीजचेही तसेच. सुमारे १० लिटर दुधापासून १ किलो चेडर चीज मिळते. निवळीबरोबर पाणी व दुग्धशर्करा निघून जाते, स्निग्धांश मागे राहतो. म्हणून १०० ग्रॅम चेडरमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आढळते. लोणी काढलेल्या ताकात मात्र ते अल्प असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढण्यास आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धाम्ले अधिक कारणीभूत होतात. वनस्पती तुपात कोलेस्टेरॉल नसते, तरीही ते हृदयास हितकर नव्हे. तेव्हा वेष्टनावरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या एका शब्दावर भुलू नये.

दोन वर्षांखालील वाढत्या बालकांना स्निग्धांशाची गरज असते. त्यांच्या दुधावरील साय काढू नये. हृदयरोग्यांनी वैद्यकीय सल्ल्याने साय काढलेले दूध व ताक घ्यावे. तूप, खवा, चीज बेताने खावे. शिक्षकांनी शाळेत व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा भेद समजावून द्यावा. दूध उकळणे हे जंतूंवरील उपाय आहे. कोलेस्टेरॉलचा हिशेब सायीशी आहे.