पित्त नव्हे, निमित्त नव्हे : मुलांची अर्धशिशी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी 'पित्त उठले' हे शब्द वर्षातून अनेकदा कानी पडत. हरतालिकेचा निर्जळी उपास आणि रात्रीचे जागरण करून आई दुसऱ्या दिवशी गणपतीचा सगळा स्वयंपाक करी, आणि नैवेद्य दाखवून होताच खिडक्या लावून, कपाळाला फडके घट्ट बांधून अंधारात पडून राही. सुंठीचा लेप लागे. आम्हां भावंडांना पाय न वाजवण्याची ताकीद मिळे. "नेमके पंगतीच्या वेळीच हिचे डोके उठते," असे पाहुण्यांपैकी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणे. संध्याकाळी उलटी झाली की आई उठून बसे. "पित्त पडले, आता डोके उतरेल," असे आजी म्हणे, आणि डोके खरोखरच उतरे. मग पित्ताविषयी शंका कोण घेणार?

मलाही नवव्या-दहाव्या वर्षापासून हेच 'पित्त' होऊ लागले. रंगपंचमीची गेर पाहून यावे, तर ऊन, ढोल आणि रिकामे पोट यांचा हिशेब संध्याकाळी डोके चुकते करी. पुढे एम.डी.च्या अभ्यासात डोकेदुखीचे प्रकरण वाचताना आईचे आणि माझे वर्णन एकाच पानावर सापडले आणि या पित्ताचे खरे नाव कळले : अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन.

घरचा एवढा अनुभव गाठीशी असूनही मी एका मुलीच्या बाबतीत चुकले. ती चूक सांगावी आणि तिच्यातून जे शिकले ते मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक चूक

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिसरीतल्या एका मुलीला घेऊन तिची आई माझ्याकडे आली. आठवड्यातून एकदा तरी शाळेतून फोन येई, 'डोके दुखते, घेऊन जा.' घरी येऊन तासभर झोपली की मुलगी खेळायला मोकळी. रविवारी कधी त्रास नाही. मी तपासले, डोळे तपासून घेतले, सर्व ठीक होते. "दुखते कुठे?" असे विचारल्यावर तिने दोन्ही हात कपाळावर ठेवले. अर्धे डोके नव्हे, ठणका नव्हे, आणि दोन तासांत सगळे शांत. मी तिच्या आईला म्हणाले, "ताई, काही नाही. शाळेचे निमित्त आहे. फार लक्ष देऊ नका."

त्यांनी माझा शब्द मानला. दोन वर्षे त्या मुलीकडे कोणी लक्ष दिले नाही. पाचवीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेची डावी बाजू तिला दिसेनाशी झाली, नागमोडी चमकत्या रेषा दिसू लागल्या आणि मागोमाग डोके फुटेल असे दुखू लागले. घाबरलेले आईवडील तिला माझ्याकडे घेऊन आले. तपासणी करून मी निदान सांगितले, तेव्हा ती मुलगी शांतपणे म्हणाली, "डॉक्टरकाकू, तेव्हासुद्धा खरंच दुखत होतं."

मग मी विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. शाळेची बस पहाटे साडेसहाला. पोटात फक्त अर्धा कप दूध. शाळेतले स्वच्छतागृह आवडत नाही म्हणून पाणी प्यायचे नाही. अकराच्या सुमारास डोके दुखणार. रविवारी मात्र आठपर्यंत झोप आणि मग पोटभर पोहे! रविवारी दुखत नसे यात लबाडी नव्हती, कारण होते.

मुलांमध्ये ती वेगळी दिसते

संस्कृत वैद्यकातील 'अर्धावभेदक' आणि ग्रीक 'हेमिक्रेनिया' या दोन्ही शब्दांचा अर्थ अर्ध्या डोक्याचे दुखणे. नावातच 'अर्ध' असल्याने आपण अर्धे डोके शोधत राहतो. लहान मुलांत मात्र वेदना बहुधा दोन्ही बाजूंना, कपाळावर असते. मोठ्यांत झटका 4 ते 72 तास टिकतो. मुलांत तो दोन तासांतही ओसरतो. उजेड किंवा गोंगाट सहन होत नाही हे मूल शब्दांत सांगत नाही. ते टीव्ही बंद करून, उशीत तोंड खुपसून झोपते. म्हणून मुलाने काय सांगितले याइतकेच त्याने काय केले हेही विचारावे. खेळता खेळता खेळ सोडून आपणहून अंधारात जाऊन पडणारे मूल सहसा निमित्त करीत नसते.

काही मुलांत डोक्याआधी पोट बोलते. अधूनमधून नाभीभोवती दुखणे आणि चेहरा पांढराफटक पडणे, किंवा ठरावीक काळाने उलट्यांची सत्रे येणे आणि मधल्या काळात अगदी ठणठणीत असणे, ही मायग्रेनचीच भावंडे असू शकतात. घाटात बस लागणारी मुलेही यांत पुष्कळ आढळतात. घरात आई, मामा, आजी यांपैकी कोणाला 'पित्ताचा' त्रास आहे का, हा प्रश्न म्हणूनच फार उपयोगी पडतो.

स्वीडनमधील उप्साला येथे बो बिल्ले यांनी सुमारे 9,000 शाळकरी मुलांची पाहणी करून 1962 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे 4 टक्के मुलांना मायग्रेन होते. त्यांतील तीव्र त्रासाच्या 73 मुलांचा त्यांनी 40 वर्षे पाठपुरावा केला. पन्नाशीच्या सुमारास निम्म्याहून अधिक जणांना अजूनही झटके येत होते. 'मोठी झाली की जाईल' हे आश्वासन आपण जपूनच द्यावे.

डोक्यात घडते काय?

पूर्वी हा केवळ रक्तवाहिन्यांचा आजार मानत. आज तो मुख्यतः मेंदूचा, आनुवंशिक संवेदनशीलतेचा आजार मानला जातो. मेंदूच्या आवरणांतील वेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतातंतूंमधून सीजीआरपी नावाचे द्रव्य बाहेर पडते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचा संदेश तीव्र होतो. डोळ्यांसमोरच्या रेषांना 'ऑरा' म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने सरकणारी विद्युत् लाट हे त्याचे कारण. ही लाट 1944 मध्ये लेआओ यांनी प्रथम वर्णिली. या झटक्यात जठराचे कामही मंदावते, म्हणून मळमळ आणि उलटी. उलटीनंतर अनेकांना बरे वाटते, पण उलटी हा झटक्याचा भाग आहे, मूळ नव्हे. आमच्या आजीचे निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष तेवढा चुकला.

चष्मा आणि 'सायनस' यांचेही तसेच. डोळे जरूर तपासावेत, पण केवळ नंबरामुळे उलट्यांसह डोके दुखणे विरळा.

केव्हा थांबू नये

प्रत्येक डोकेदुखीला स्कॅन लागत नाही, पण रक्तदाब मोजल्याशिवाय, दृष्टिपटल पाहिल्याशिवाय आणि मुलाला चालवून पाहिल्याशिवाय निदान करू नये. पुढील चिन्हे असतील तर विलंब न लावता तपासण्या कराव्यात : झोपेतून जागे करणारी किंवा सकाळी उठताच उलटीसह येणारी व दिवसेंदिवस वाढणारी वेदना, खोकताना वा वाकताना वाढणारे दुखणे, तोल जाणे, दोन दोन दिसणे, अंगात अशक्तपणा, झटका किंवा फिट, तापासह मान ताठरणे, एकाएकी आलेली अतितीव्र डोकेदुखी, स्वभावात किंवा अभ्यासात अचानक फरक, आणि अगदी लहान मुलाची, विशेषतः पाच-सहा वर्षांखालची, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी.

उपचार

झटक्याच्या वेळी औषध लवकर आणि पुरेसे द्यावे. आयब्युप्रोफेन (किलोमागे 10 मिलिग्रॅम) किंवा पॅरासिटामॉल (किलोमागे 15 मिलिग्रॅम) सुरुवातीलाच दिले तर बहुतेक मुलांना पुरते. 'सहन कर, फारच वाढले तर गोळी देऊ' असे म्हणत पालक वेळ घालवतात आणि जठर मंदावल्यावर दिलेली गोळी कामी येत नाही. तापाच्या दुखण्यात, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत, आयब्युप्रोफेन परस्पर देऊ नये. मुलांना ॲस्पिरीन टाळावे. मोठ्या मुलांत ट्रिप्टान गटातील औषधे तज्ज्ञाच्या सल्ल्याने देता येतात. उलट बाजूने, महिन्यात 15 किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी जडते. माझा दंडक असा : आठवड्यात दोन दिवसांहून अधिक गोळी लागू लागली की भेटायला यावे.

प्रतिबंधक औषधांबाबत बालरोगतज्ज्ञांनी नम्र असावे. 2017 मध्ये अमेरिकेत 8 ते 17 वयोगटातील मुलांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखण्याचे दिवस निम्म्यावर येण्याचे प्रमाण अमिट्रिप्टिलिनने 52 टक्के, टोपिरामेटने 55 टक्के आणि औषधविरहित गोळीने 61 टक्के! याचा अर्थ दुखणे खोटे होते असा मुळीच नाही. कोणीतरी विश्वास ठेवून ऐकते, नियमित भेटते, याचाही त्यात वाटा असावा असे मला वाटते. औषधे काही मुलांना लागतात आणि लाभतात. पण ती पहिली पायरी नव्हे.

सोबत जगणे

पहिली पायरी दिनक्रमाची. मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसत नाही. झोपण्या-उठण्याची वेळ सुट्टीतही फारशी बदलू नये. सराफ्याची रात्रीची फेरी कधीतरी जरूर करावी, पण दुसऱ्या दिवशी परीक्षा नसताना. न्याहारीशिवाय मूल घराबाहेर पडू नये. शाळेत पाण्याची बाटली रिकामी होते का, ते पाहावे. रोज मैदानावर खेळ हवा. वाढत्या मुलींना निर्जळी उपासांचा आग्रह धरू नये. देवाची त्याला हरकत नसावी.

खाण्याच्या पदार्थांवर मात्र सरसकट बंदी घालू नये. झटक्याआधी काही तास जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते. चॉकलेट खाल्ल्याने डोके दुखले की दुखणे सुरू होत होते म्हणून चॉकलेट हवेसे वाटले, हे एका प्रसंगावरून ठरत नाही. त्यासाठी साधी वही ठेवावी : तारीख, वेळ, झोप, जेवण, गोळी, किती वेळात उतरले. दोन महिन्यांची वही एखाद्या महागड्या तपासणीहून अधिक सांगते. आणि डॉक्टरांनी शाळेसाठी चार ओळींचे पत्र द्यावे : या मुलाला गोळी, पाणी आणि अर्धा तास शांत खोलीत पडू द्यावे. बहुतेक मुले त्यानंतर वर्गात परततात.

त्या मुलीच्या बाबतीत आम्ही एवढेच केले. न्याहारी, पाणी, झोप, वही आणि शाळेला पत्र. आठवड्याचे झटके दोन-तीन महिन्यांत एकावर आले. पूर्ण गेले नाहीत. मीही तसे वचन दिले नव्हते. तिची मात्र मी क्षमा मागितली.

आईला तिच्या आजाराचे नाव मी सांगितले तेव्हा ती साठीला आली होती आणि झटके जवळजवळ थांबले होते. औषधाचा प्रश्न उरला नव्हता. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मी काम चुकवत नव्हते तर." इतकी वर्षे तिने ते पाहुण्यांचे बोलणे मनात जपले होते, हे मला त्या दिवशी कळले.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि पालकांना म्हणून एकच विनंती आहे. मूल डोके दुखते म्हणाले की तपासण्या, चष्मा, पित्त हे सारे नंतर पाहू. आधी त्याला सांगावे, 'तुझे दुखते आहे हे मला पटते.'