सोसणं म्हणजे दुखणं दाबणं नव्हे



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४. सोबत अध्याय १७ मधले श्लोक ५ आणि ६.

दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला समजावतात की इंद्रियांचा बाहेरच्या जगाशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख होणारच. ते येतं आणि जातं, म्हणून ते सहन कर. या सोसण्याला 'तितिक्षा' म्हणतात. आपल्यातले बरेच जण याचा अर्थ 'कितीही दुखलं तरी थांबायचं नाही' असा घेतात. इथेच गडबड होते.

आमच्या यवतमाळच्या गीतावर्गात एक मुलगा येतो. माउंटन बाइकिंग हेच त्याचं करिअर. शहराभोवतीच्या टेकड्यांत, मुरमाच्या वाटांवर त्याचा पहाटे सराव चालतो. मध्यंतरी उतारावर पुढचं चाक निसटलं आणि त्याचं कॉलरबोन मोडलं. डॉक्टरांनी हात झोळीत बांधला, सायकल बंद केली. शर्यत पाच आठवड्यांवर आली होती. मला म्हणाला, "दादा, शरीर म्हणजे मी नाही असं तुम्हीच सांगता ना? मग या हाडाचं एवढं काय ऐकायचं? टॉम पिडकॉक बघा, थोड्याच दिवसांत परत सायकलवर होता!"

पिडकॉकची गोष्ट खरी आहे, पण पूर्ण ऐकायला हवी. मे २०२१ च्या अखेरीस सरावात गाडीशी धडक होऊन या ब्रिटिश सायकलपटूचं कॉलरबोन मोडलं. २६ जुलैला टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने माउंटन बाइकचं सुवर्ण जिंकलं. पण मधल्या काळात त्याच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली आणि ती 'थोड्याच दिवसांतली' सायकल घरात एका जागी उभी होती, ट्रेनरवर! मोठ्या माणसाचं हे हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. आपण पदक बघतो, थांबणं बघत नाही.

आता सतरावा अध्याय. शास्त्राला सोडून, अहंकाराच्या जोरावर जे शरीराला छळतात, ते आत राहणाऱ्या मलाही छळतात, असं भगवंत तिथे म्हणतात. अशा तपाला ते आसुरी ठरवतात. म्हणजे मोडक्या हाडावर शर्यत मारणं ही तितिक्षा नाही.

मग सोसायचं काय? मी त्याला हेच विचारलं, "खरं सांग, जास्त काय दुखतंय?" बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझी जागा दुसरा कोणीतरी घेईल, ते." मी म्हटलं, अरे, मग सोसायचं ते हे! हाडाच्या कळेला गोळी आहे, या कळेला फक्त तितिक्षा आहे.

त्याने शर्यतीतून नाव मागे घेतलं. सोपं नव्हतं, डोळे भरून आले होते.

आणि हाड पूर्वीसारखं होईलच याची हमी कोण देणार? सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचा सचिन खिलारी बघा. शाळकरी वयात अपघात झाला, गँगरीन झालं, अनेक शस्त्रक्रिया होऊनही हात पूर्ववत झाला नाही. पुढे तो भालाफेक करू लागला, तर खांद्याला दुखापत. मग गोळाफेकीकडे वळला. ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून त्याने रौप्य मिळवलं. गेलेलं परत मागत बसला असता, तर हातात गोळा आलाच नसता.

आपल्या कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घ्यायचं तर पायऱ्या खाली उतराव्या लागतात. खाली जाणं म्हणजे दरवेळी मागे पडणं नसतं.

आजचा अभ्यास : तुमचं काही थांबलं असेल, परीक्षा, नोकरी, खेळ, तर वहीत दोन ओळी लिहा. शरीराला काय दुखतंय? आणि 'मी'पणाला काय दुखतंय? पहिल्यावर उपचार घ्या. दुसरं भगवंतासमोर ठेवा आणि आजचा दिवस सोसा.

राम कृष्ण हरी!