तिसऱ्या नंबरासाठी पळणारा अली

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मी आमच्या मैदानावरच्या पोरांना माजिद मजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' दाखवतो. १९९७चा इराणी सिनेमा, संवाद फारसीत. पोरं आधी कुरकुरतात, त्यांना 'दंगल' हवा असतो. मी शेजारी उभा राहून मराठीत सांगत जातो आणि पडद्यावर अलीच्या हातून बहिणीचे बूट हरवले की कुरकुर आपोआप थांबते. क्रीडाशिक्षक म्हणून मला प्रशिक्षणवर्गांत जे कुणी सांगितलं नाही, ते या सिनेमानं आणि मैदानानं मिळून शिकवलं.

१. उशिरा येणाऱ्या पोराच्या घरचं वेळापत्रक आधी विचारावं.

तेहरानमधल्या गरीब वस्तीतला अली धाकट्या झाहराचे बूट दुरुस्त करून आणतो आणि भाजीच्या दुकानापाशी हरवून बसतो. घरभाडं थकलेलं, आई पाठीच्या दुखण्यानं बेजार. नवे बूट मागायची सोयच नाही. मग दोघांत अलीचाच एक जोड. झाहराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. ती शाळा सुटताच गल्ल्यांतून पळत येते, बोळात बूट बदलतात, पुढे हा पळत सुटतो. तरी उशीर होतोच आणि शाळेत बोलणी खावी लागतात. शाळेला दिसतो तो फक्त उशीर.

आमच्याकडे पहाटेच्या सरावाला उशिरा येणारा पोरगा बहुधा धारा काढून, डेअरीला दूध घालून आलेला असतो. त्याला सगळ्यांसमोर दोन फेऱ्या जादा मारायला लावणं सोपं आहे. मी अशा पोरांचा सराव संध्याकाळी घेतो.

२. पोरं घरची अडचण सांगत नाहीत, 'पाय दुखतोय' म्हणतात.

बूट हरवल्याचं भांडण अली आणि झाहरा वडिलांच्या समोरच करतात, पण वहीत लिहून. अभ्यास चाललाय असं दाखवत वही इकडून तिकडे सरकते. चिडलेल्या झाहराला अली स्वतःची पेन्सिल देऊन गप्प करतो. माराची भीती असतेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे घरात पैसे नाहीत हे दोघांना पक्कं ठाऊक असतं. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी एखाद्या चांगल्या मुलीचा पाय अचानक दुखायला लागला, की मी पायाकडे नंतर बघतो. एसटीचं भाडं आणि स्पाईक्स यांचं काय, ते आधी तिला बाजूला घेऊन विचारतो.

३. बूट द्यायचे तर फोटो नको.

अलीचे वडील मशिदीतल्या चहासाठी आणलेल्या साखरेचे खडे घरी बसून फोडत असतात. झाहरा त्यांना चहा देते. ते साखर मागतात, ती म्हणते एवढी समोर आहे की. ते म्हणतात, ही मशिदीची, आपली नव्हे. पुढे हरवलेले बूट झाहराच्या शाळेतल्याच एका मुलीच्या पायात दिसतात. दोघं भावंडं तिच्या घरापर्यंत जातात, तिचा बाप आंधळा आहे हे पाहतात आणि काही न बोलता माघारी फिरतात. अलीच्या घरासारख्या स्वाभिमानी घरातल्या पोराला व्यासपीठावर बोलावून, मागे फलक लावून, बुटांचा खोका हातात द्यायचा? आमच्याकडे स्पाईक्स शाळेच्या कपाटात असतात. ज्याला बसतील त्यानं घ्यावेत.

४. पायपिटीतून खेळाडू घडतात, हे भाषणातलं अर्धसत्य.

गल्लीबोळातली ती रोजची धावपळ हाच अलीचा सराव. सिनेमात ते शोभतं. सत्काराच्या भाषणांत मात्र याचा फार गैरवापर होतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे, आईवडील वीटभट्टीवर राबणारे, लहानपणी पायी शाळेत जायचा, हे सगळे वक्ते सांगतात. तो सैन्यात गेला, तिथे क्रॉस कंट्रीकडे वळला, स्टीपलचेसचं रीतसर प्रशिक्षण त्याला मिळालं, पोटभर आणि वेळेवर खायला मिळालं, हे सांगायला वेळ उरत नाही. २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण आलं, त्यात या गोष्टींचा वाटा मोठा. पायपीट तर त्या गावातल्या सगळ्याच पोरांनी केली असणार. बाकीचे कुठे आहेत?

५. बक्षिसांची यादी नीट वाचावी.

शाळांच्या चार किलोमीटर शर्यतीत तिसरं बक्षीस बुटांचा जोड, म्हणून अलीला नेमकं तिसरं यायचंय. नावनोंदणी संपलेली, तरी तो शिक्षकांपुढे रडून संधी मिळवतो. शर्यतीत पुढे-मागे बघत अंदाज घेतो, धक्का लागून पडतो, उठतो, आणि शेवटच्या चुरशीत भान न राहून पहिला येतो. उचलून घेणाऱ्या शिक्षकांना विचारतो, मी तिसरा आलो ना? शिक्षक हर्षभरित, फोटोवाले गोळा झालेले, आणि पोराचे डोळे भरलेले. खेळावरचे पुष्कळ सिनेमे पाहिले, पण विजयाचा इतका खरा प्रसंग दुसरा सापडला नाही.

चषक शाळेला हवा असतो. तो कार्यालयातल्या काचेच्या कपाटात जातो. पोरांच्या आया मला विचारतात, "सर, ह्येचा पुढं काय उपयोग?" या प्रश्नाला हसणारे सहकारी मी पाहिलेत. मला तो सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. दहावीचे सवलतीचे गुण कुठल्या स्तरावर मिळतात, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाला कुठलं प्रमाणपत्र चालतं, हे मी कागदावर लिहून देतो.

६. बापाला खलनायक ठरवू नये.

अलीचा बाप चिडका आहे, ओरडतो. पण बागकामाच्या शोधात तो पोराला सायकलवर बसवून श्रीमंतांच्या भागात जातो आणि बंगल्याच्या दारावरच्या यंत्रातून आवाज आला की त्याला शब्द सुचत नाहीत. बोलतो तो अली. परतताना ब्रेक निकामी होऊन दोघं आपटतात. शेवटी त्याच बापाच्या सायकलला दोन नवे बूटजोड दिसतात, पोरांना अजून पत्ताही नाही.

पालकसभेला आमचे बाप लोक येत नाहीत. म्हणून मी सकाळी डेअरीवरच त्यांना गाठतो. गेल्या हंगामात एकाला म्हटलं, पोरगी विभागाला निवडली गेलीय, चार दिवस पाठवा. त्यानं किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "पाठवतो की. फकस्त तारीख आधी सांगत जावा सर, म्हंजी कांदा काढायचं मागंपुढं करता येतंय."