आधी पाणी काढा, मग स्क्रू!

पाणी आणि वीज यांचं वैर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तरीही बरेच हौशी विद्यार्थी आपल्या संगणकात पाणी खेळवतात. मोठ्या यंत्रणाही त्याच वाटेने गेल्या आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये सुरू झालेला सी-डॅकचा 'परम ब्रह्म' हा महासंगणक द्रवाने थंड ठेवण्याच्या पद्धतीवरच उभारला गेला. असा संगणक जोडायचा कसा, हे कुणीही सांगतो. त्यातला भाग बदलायची वेळ आली की मात्र हात थबकतो.

आधी थोडं शास्त्र. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. चिपवर तांब्याचा वॉटर ब्लॉक बसतो, पंप पाणी फिरवतो आणि रेडिएटर उष्णता हवेत सोडतो. ३०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड आणि मिनिटाला ४ लिटर पाणी धरून हिशोब करा; पाणी एका फेरीत जेमतेम १ अंश तापतं. म्हणून 'आधी प्रोसेसर की आधी कार्ड' या वादात फारसा अर्थ नाही. नळी सोपी जाईल तशी न्यावी.

माठातलं पाणी मात्र हवेपेक्षा गार होतं, कारण ते झिरपतं आणि त्याचं बाष्पीभवन होतं. रेडिएटर बंद असतो. परभणीत मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली, तर चालू संगणकातलं पाणी त्याच्या वरच राहणार!

आता भाग बदलण्याचा क्रम :

१) रॅम किंवा एसएसडीसाठी सहसा पाणी काढावं लागत नाही. ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक त्या-त्या मॉडेलच्या मापाचा असतो, म्हणून नवं कार्ड म्हणजे बहुधा नवा ब्लॉक. प्रोसेसरचा ब्लॉक बऱ्याचदा तोच चालतो, फक्त ब्रॅकेट बदलतो.

२) प्लग काढा. टाकीचं वरचं झाकण उघडा, म्हणजे हवा आत शिरेल. मग सर्वांत खालच्या जोडातून पाणी काढा. ब्लॉकमध्ये थोडं उरतंच, खाली जुना टॉवेल ठेवा.

३) जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. ओ-रिंग चपटी किंवा चिरलेली दिसली तर बदला.

४) बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतात. तयार कूलंट वापरा, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंज आणि शेवाळ रोखणारं द्रावण घाला. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका, गंज लागतो.

५) मदरबोर्ड आणि कार्डाच्या पॉवर केबल काढून फक्त पंपाला वीज द्या. पंप कोरडा फिरवू नका, पाणी हेच त्याचं वंगण. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि रात्रभर चालू द्या.

ही पाचवी पायरीच लोक गाळतात. आमच्या ग्रुपचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सोयाबीनच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखण्याचा होता. चौघांनी वर्गणी काढून कार्ड घेतलं होतं आणि सबमिशनला चार दिवस उरले होते. दोन तास टिश्यू कोरडा राहिल्यावर सगळे म्हणाले, "चला, चालू करू. डिस्टिल्ड वॉटरमधून कुठे करंट जातो?" एकजण अडून बसला. त्याचं म्हणणं असं, की पाणी लूपमध्ये धातूचे आयन घेतं, बोर्डावर पडलं की धूळ आणि क्षार घेतं, मग ते शुद्ध राहतं कुठे? पहाटे चारला कार्डाच्या वरच्या जोडाखालचा टिश्यू ओला सापडला. नव्या पाकिटातल्या ओ-रिंगलाच चीर होती. ती बदलली, आणखी एक रात्र तपासणी केली आणि उरलेल्या दोन दिवसांत मॉडेल पूर्ण झालं. घाई केली असती तर कार्डही गेलं असतं आणि प्रोजेक्टही.

हॉस्टेलवर दरवर्षी खोली बदलावी लागते, म्हणजे हलवाहलव आलीच. ज्याला वर्षातून एक पूर्ण दिवस आणि एक रात्र देखभालीला देता येईल, त्याने खुशाल पाणी खेळवावं. बाकीच्यांनी चांगला पंखा घ्यावा आणि त्यावरची धूळ दर महिन्याला पुसावी.